दूध-अंड्यावाचून सफरचंदाचे डोनट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस स्वयंपाकघरात कशाला शिरला, असे कोणी म्हणेल. दुसरा कोणी म्हणेल, डोनट हा साहेबाचा पदार्थ, त्यात दूध नाही, तूप नाही, अंडेही नाही. मग राहिले काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आज मी आपल्यापुढे बोलतो आहे. तो दिसतो तितका पोरकट नाही.

प्रथम डोनट म्हणजे काय ते पाहू. कधी बेकरीच्या काचेच्या कपाटात कड्यासारखा, मध्ये भोक असलेला गोड पाव आपण पाहिला असेल. तोच डोनट. हॉलंडमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तो तिकडे नेला. वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८०९ साली न्यूयॉर्कवर जे विनोदी पुस्तक लिहिले, त्यात डुकराच्या चरबीत तळलेल्या या गोड गोळ्यांचा उल्लेख आहे. तेव्हा त्याला भोक नव्हते. ते आपण १८४७ साली पाडले, असे हॅन्सन ग्रेगरी नावाचा एक खलाशी पुढे म्हातारपणी सांगत असे. त्याचे सांगणे खरे असो वा नसो, भोकामागचे कारण मात्र खरे आहे. जाड गोळा तळला की कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. मध्येच भोक पाडले की आच दोन्ही बाजूंनी आत शिरते आणि सगळा पदार्थ सारखा शिजतो. आपल्या मेदूवड्यालाही भोक असते. दोन्ही ठिकाणी काम तेच.

आता ‘व्हीगन’ हा शब्द. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे सोबती यांनी तो तयार केला. प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणारा तो व्हीगन. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधही नाही. आपल्याकडे शाकाहार जुना आहे, परंतु दुधातुपावाचून शाकाहार ही कल्पना पुष्कळांना चमत्कारिक वाटते. तुपाची धार सोडल्याशिवाय वरणभाताचे पान वाढले, असे आपल्याला वाटतच नाही!

मग असे खाणारे लोक कोण? काहींनी जनावरांविषयीच्या करुणेने हे व्रत घेतलेले असते. काहींना दूध पचत नाही. ते प्याले की पोट फुगते, कळा येतात. आणि काही थोड्या लेकरांना दुधाचे किंवा अंड्याचे खरोखरचे वावडे असते. दूध न पचणे निराळे आणि दुधाचे वावडे निराळे, हे मी शिक्षक बंधुभगिनींना मुद्दाम सांगतो. न पचणाऱ्याला त्रास होतो. वावडे असलेल्या मुलाचे ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात आणि क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. ‘एक घास खा, काही होत नाही’ असा आग्रह त्याला कधीही करू नये.

माझ्या बहिणीचा मुलगा असाच आहे. त्याला दुधाचेही वावडे आणि अंड्याचेही. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की पेढा नाही तर केक वाटला जातो. सगळी मुले तिथल्या तिथे खातात. हा आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवतो आणि घरी आला की आईच्या हातात देतो. एकदा मी त्याला विचारले, “अरे, तू तो घेतोसच कशाला?” तो म्हणाला, “मामा, नाही म्हटलं की सगळे विचारतात, का नाही म्हणून.” नऊ वर्षांच्या मुलाचे हे बोलणे ऐकल्यावर, पेढ्याच्या जागी सगळ्यांना एकत्र खाता येईल असे काय करता येईल, याचा शोध आमच्या घरात सुरू झाला. सफरचंदाचा डोनट त्याच शोधात सापडला.

श्रोतेहो, मी राहतो ते कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्वे यांच्यावरून या भागाला आजचे नाव मिळाले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार म्हणजे काय? पाणी बंद, पान बंद, पंगत बंद. पुढे १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आणला. ज्या स्त्रियांना मंगलकार्याच्या पंगतीत पाट मिळत नसे, त्या इथे शेजारी शेजारी बसून जेवू लागल्या.

त्याच सुमाराची पुण्यातलीच दुसरी हकीकत. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली मोठमोठी माणसे गेली होती. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. बिस्कीट ते केवढे, आणि वादळ केवढे!

आज तसला बहिष्कार आपण घालत नाही, निदान उघडपणे घालत नाही. परंतु पानावर काय वाढले यावरून माणूस अजूनही पंगतीबाहेर राहतो. कोणी त्याला बाहेर बसवत नाही. ताटात त्याच्याजोगते काही नसते, एवढेच. म्हणून घरात एक तरी गोड पदार्थ असा हवा की जो येईल त्याच्या हातावर न विचारता ठेवता येईल.

असा पदार्थ करायचा तर दूध, लोणी आणि अंडे भाजणीच्या पदार्थात कोणते काम करतात हे आधी समजले पाहिजे. अंड्याची कामे तीन. ते पिठाला बांधून ठेवते. फेटल्यावर हवा धरून पदार्थ फुगवते. आणि तेल व पाणी यांना एकत्र नांदवते. लोणी पदार्थ मऊ ठेवते. दूध ओलावा देते आणि वरचा रंग खुलवते. ही कामे झाल्याशी कारण. ती अंड्यानेच केली पाहिजेत असे कुठे आहे?

आपल्या आजीला हे ठाऊक होते, फक्त तिने त्याला नाव दिले नव्हते. लाल भोपळ्याचे घारगे आठवा. भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढे पीठ घालायचे, थापायचे आणि तळायचे. त्यात अंडे नाही, दूध नाही. भोपळ्याचा गरच पीठ धरून ठेवतो. कणीक आणि गूळ यांचे गुलगुले घ्या. आणि कोकणातले धोंडस! मोठी पिकलेली काकडी, म्हणजे तवसे, किसायचे, त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालायचा, मिश्रण भांड्यात ओतून खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवायचे. गोव्याकडे यालाच तवसळी म्हणतात. खालून आच, वरून आच. भट्टी म्हणजे आणखी निराळे काय असते? फळाचा गर, गूळ आणि पीठ भाजून केलेला केक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. सफरचंदाचा डोनट हा त्याचाच परदेशातून आलेला मावसभाऊ समजा.

सफरचंद या कामाला विशेष चांगले. त्यात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ भरपूर असतो. जॅम किंवा मुरंबा घट्ट होतो तो त्याच्याच जोरावर. तोच पीठ बांधतो आणि ओलावा टिकवतो. सफरचंदाची आंबटी सोड्याला जागे करते. एके काळी आपल्याकडे हे फळ फक्त आजाऱ्याला भेटायला जाताना घेत. १९१६च्या सुमारास सत्यानंद स्टोक्स यांनी हिमाचलातल्या कोटगढला अमेरिकन जातीची कलमे आणून लावली आणि तिथल्या बागा वाढत गेल्या. आता पावसाळा सरता सरता हिमाचल आणि काश्मीरचे नवे सफरचंद तालुक्याच्या बाजारातही येते. डोनटसाठी चकचकीत, महागडे फळ लागत नाही. डागाळलेले, थोडे मऊ पडलेले, हातगाडीवर स्वस्तात मिळणारे चालते. सडका भाग तेवढा काढून टाकावा.

आता कृती. कागद-पेन्सिल घेऊन बसा. साहित्य असे : कणीक १०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, चिरलेला गूळ १०० ग्रॅम, सफरचंदे दोन मोठी म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम, वास नसलेले गोडे तेल ४ मोठे चमचे, जवसाची पूड १ मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, लिंबाचा रस १ चहाचा चमचा, दालचिनीची पूड १ चहाचा चमचा, किंचित जायफळ आणि चिमूटभर मीठ. वजनकाटा नसेल तर आमटीची एकच वाटी धरा : दोन वाट्या पीठ, पाऊण वाटी गूळ, सव्वा वाटी गर आणि वाटीच्या तिसऱ्या हिश्शाइतके तेल.

सफरचंदे धुऊन साले काढा. साले फेकू नका. फळाचा पुष्कळसा सुवास सालीत असतो. ती अर्धी वाटी पाण्यात उकळून, पाणी तीन-चार चमचे उरेपर्यंत आटवा आणि गाळून घ्या. हेच पाणी पुढे पीठ सैल करायला वापरायचे. सफरचंदाच्या फोडींपैकी मूठभर अगदी बारीक चिरून बाजूला ठेवा. बाकीच्या दोन चमचे पाण्यात झाकण ठेवून मऊ शिजवा आणि घोटा. गर पळीवरून सरकन ओघळता कामा नये. पातळ वाटला तर आणखी आटवा. गरम गरातच गूळ विरघळवा आणि गार होऊ द्या.

जवसाची पूड तीन मोठे चमचे कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवा. ती अंड्याच्या बलकासारखी बुळबुळीत होईल. वऱ्हाडातल्या भगिनींना जवस सांगायला नको. चटणीसाठी तो घरात असतोच. तोच जवस इथे एका अंड्याचे काम करतो.

गर, जवस, तेल आणि लिंबाचा रस एकत्र घोटा. दुसऱ्या भांड्यात पिठे, बेकिंग पावडर, सोडा, मसाला आणि मीठ दोनदा चाळून घ्या. भट्टी आधी १८० अंशांवर तापवून ठेवा आणि मगच कोरडे ओल्यात मिसळा. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा थोडे घट्ट हवे. लागेल तसे सालीचे पाणी घाला. शेवटी चिरलेल्या फोडी टाका. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा, जास्त फेटू नका. तेल लावलेल्या कड्याच्या साच्यात पाऊण उंचीपर्यंत पीठ भरा आणि बारा ते चौदा मिनिटे भाजा. काडी घालून पाहावी, कोरडी निघाली की झाले. गरम असतानाच वरून तेलाचे बोट फिरवून दालचिनी मिसळलेल्या पिठीसाखरेत घोळवा.

“आमच्याकडे भट्टी कुठली?” असे खेड्यातल्या भगिनी विचारतील. त्यांच्यासाठी आप्पेपात्र आहे. प्रत्येक खळग्यात थेंबभर तेल सोडा, पीठ घाला, झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटांनी उलटा आणि दुसरी बाजू होऊ द्या. हे डोनट लहान असल्यामुळे त्यांना भोकाची गरजच नाही. आच मध्यापर्यंत पोचते. आणखी एक मार्ग म्हणजे जाड बुडाची कढई. तळाला वाटीभर मीठ पसरा, वर तिवई ठेवा, झाकून दहा मिनिटे तापवा आणि मग पीठ भरलेल्या लहान वाट्या तिवईवरच्या ताटलीत मांडून वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवा. सफरचंद मिळाले नाही तर लाल भोपळा किंवा पिकलेले केळे घ्या. केळे गोड असते, तेव्हा गूळ थोडा कमी करा.

पहिला घाणा बिघडला तर नाउमेद होऊ नका, कारण शोधा. डोनट दडस झाला, तर पीठ जास्त घोटले गेले. घोटण्याने गव्हातला चिवटपणा वाढतो. चपातीला तो हवा, इथे नको. मध्ये चिकट राहिला, तर गर पातळ होता किंवा भट्टी पुरती तापली नव्हती. फुगलाच नाही, तर पीठ कालवून तसेच ठेवले गेले असेल. सोडा आणि आंबट यांची गाठ पडताच वायू निघू लागतो. तो पिठात अडकायला हवा तर लगेच आच लागली पाहिजे. साबणासारखी चव आली, तर सोडा जास्त पडला.

शिक्षक मित्रहो, ही आपली प्रयोगशाळा आहे. पेल्यात लिंबाचा रस घ्या, चिमूटभर सोडा टाका, फेस दाखवा. मग विचारा, हाच फेस पिठात कोंडला तर काय होईल? जवसाची पूड एका पेल्यात कोमट पाण्यात आणि दुसऱ्यात तेलात कालवा. पाण्यातली बुळबुळीत होते, तेलातली होत नाही, हे मुलांना बोटाने पाहू द्या. मुलींनीच नव्हे, मुलग्यांनीही हात भरवावेत. घरी गेल्यावर दोघांच्याही उपयोगी पडेल.

दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. बाजारात ‘बिनअंड्याचा’ म्हणून मिळणारा केक दुधावाचूनचा असतोच असे नाही. पुष्कळदा अंड्याऐवजी आटवलेले गोड दूध घातलेले असते. पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, आणि आपल्या कायद्याने दूध शाकाहारात मोडते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ साली स्वतंत्र नियम झाले आणि त्यांना स्वतंत्र चिन्ह मिळाले. तरी पुड्यावरचे घटक वाचण्याची सवय मुलांना लावावी. वावडे असलेल्या मुलासाठी करताना तुपाचा हात लागलेला पळा, ताटली, साचा आधी घासून घ्यावा. कणकेत ज्याला त्रास होतो त्याला हा डोनट चालणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. कोणा मुलाचे दूध कायमचे बंद करायचे असेल तर डॉक्टरांना विचारूनच करावे. दूध-अंडी सोडणाऱ्याला बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. आणि डोनट तो डोनट. फळ घातले म्हणून तो औषध होत नाही. सणावाराला, वाढदिवसाला, एखाद-दुसरा.

खर्चाचे म्हणाल, तर अंडी नाहीत, लोणी नाही. गूळ, कणीक आणि तेल घरचे. वर्गातल्या तीस मुलांना आप्पेपात्रातला एकेक लहान डोनट द्यायचा तर याच मापाचे दोन घाणे पुरतात.

ज्या शाळेत वाढदिवसाला खाऊ वाटण्याची रीत आहे, तिथल्या गुरुजींनी आणि बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना एक प्रश्न विचारून ठेवावा : आपल्या मुलाला काय चालत नाही? पाच मिनिटांचे काम आहे. उत्तरे वहीत उतरवून ठेवावीत. त्यात एखादे जरी नाव निघाले, तरी त्या वर्षी वर्गात येणारा खाऊ त्या मुलालाही खाता येईल असाच यावा, एवढे पालकांना सांगावे. कसा करायचा ते आता आपल्याला माहीत झाले आहे.